जमिनीवरून उठण्याचा वर्ग

१२ मार्च, मंगळवार

निवृत्त झालो त्या दिवशी ही वही मिटली होती. लिहिण्याजोगं काही उरलं नव्हतं. आज पुन्हा उघडतोय, कारण या पुएर्तो अरायान गावात व्यायामाच्या नावाखाली जे चाललंय त्याची कुणातरी जाणकाराने नोंद ठेवायला हवी, आणि जाणकार म्हणावा असा इथे मी एकटाच आहे.

गेल्या बुधवारी एल्बिया परसात कपडे वाळत घालताना पडली. मी नदीकाठी फिरायला गेलो होतो. परतलो तर बाईसाहेब स्वयंपाकघरात येर्बाचा कडू चहा पीत बसलेल्या. म्हणाली, मी पडले. कुठे खरचटलं नव्हतं, सूज नव्हती. कपडे दोरीवर चिमट्यात नीट अडकवलेले. मी म्हटलं, वय झालं तुझं. ती म्हणाली, हो, झालं.

शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो. ती आधी एकटी आत गेली आणि बराच वेळ बोलत बसली. मग मला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला नगरपालिकेच्या सभागृहात वयस्कांचा वर्ग असतो, तिथे हिला पाठवा. एकटी नको. "तुम्ही सोबत जा मास्तर, आणि सगळं नीट लक्ष देऊन बघा." या गावात निदान एका माणसाला तरी माझ्या नजरेची किंमत आहे.

तर आज गेलो. मी चौतीस वर्षं हायस्कुलात व्यायाम शिकवला. तरुणपणी कसरतीच्या रिंगांवर हात ताणून माझ्याइतका वेळ स्थिर राहणारा माणूस या नदीच्या दोन्ही काठांवर नव्हता. आणि आज मी काय पाहिलं? अकरा म्हातारी माणसं सतरंज्यांवर उताणी पडलेली, मासळीबाजारात मांडून ठेवल्यासारखी. शिकवणारी बाई झुल्मा पिरिस. वय एकसष्ट, वजन नव्वद किलोच्या आसपास, पायात सपाता, अंगात लोकरीचं जाकीट. शिट्टी नाही. ती म्हणते, "चला, पडा." सगळे पडतात. मग म्हणते, "आता उठा." सगळे कण्हत, कुथत, खुर्चीला धरून उठतात. पन्नास मिनिटं हेच. वर्गाचा सगळा अभ्यासक्रम एवढाच: जमिनीवरून उठणं.

मी भिंतीजवळच्या बाकावर बसलो आणि खिशातल्या कागदावर चुका टिपल्या. कागद पुरला नाही.

एल्बिया मात्र जमिनीवर पडलेला चमचा उचलावा इतक्या सहज उठली. झुल्मा तिच्याकडे बघत राहिली. सेहेचाळीस वर्षं माझ्याबरोबर काढल्याचा काही तरी परिणाम होणारच.

१५ मार्च, शुक्रवार

त्या अकरांत अपोलिनारिओ खाटीकही आहे. माझ्या अगदी पहिल्या वर्षाच्या तुकडीतला. दोरावर दोन हातसुद्धा चढायचा नाही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'मांसाचा गोळा' असा शेरा लिहिला होता. पुढे त्याने तोच धंदा धरला, म्हणजे माझा अंदाज फार चुकला नव्हता. आज चौसष्टाव्या वर्षी तो गुडघ्यांवर रांगत खुर्चीकडे चालला होता आणि वाटेत मला "नमस्कार मास्तर" म्हणाला. रांगताना. लाज म्हणून काही असते.

देल्मिरा नावाची एक आजीबाई आहे, स्टेशनमास्तरची विधवा, एक्याऐंशी वर्षांची. तिला उठायला जितका वेळ लागतो तितक्यात मी पूर्वी नदी पोहून पलीकडे जायचो. ती उभी राहिली की सगळे टाळ्या वाजवतात. कशाबद्दल? माणूस दीड वर्षाचा असताना जे करतो त्याबद्दल.

सकाळी घरी चाळीस बैठका मारल्या.

२२ मार्च, शुक्रवार

बैठका तीस. बुटांचे तळ झिजलेत, पकड राहत नाही.

पाटलोण आता पलंगावर बसून घालतो. उभं राहून एकेक पाय घालण्यात उगीच वेळ जातो. ही युक्ती मला आधी सुचायला हवी होती. एल्बिया दारातून बघत होती. मी कारण सांगितलं, तर म्हणाली, बरोबर आहे.

२६ मार्च, मंगळवार

आज झुल्माशी स्पष्ट बोललो. वर्ग संपल्यावर तिला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडे कुठली पदविका आहे? तिने जाकिटाची बटणं लावत सांगितलं, कुठलीच नाही.

"मग तुम्ही शिकवता कशाच्या आधारावर?"

"मी तीस वर्षं वृद्धाश्रमात काम केलं, मास्तर. रोज माणसं जमिनीवरून उचलली. कुणी दोन तास पडलेलं असायचं, कुणी अख्खी रात्र. उचलून उचलून माझी पाठ गेली. म्हणून आता शिकवते."

हे उत्तर ऐकून मला हसू आलं. उद्या हमाल येऊन म्हणेल, मी भारोत्तोलन शिकवतो. ती मात्र हसली नाही. एक सतरंजी माझ्याकडे सरकवून म्हणाली, बाकावर बसून कंटाळत असाल, तुम्हीही पडून बघा. मी तिला सांगितलं की मी पडत नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि सतरंजी गुंडाळली.

२ एप्रिल, मंगळवार

बैठका अठरा. पण सावकाश. सावकाश मारलेली एक बैठक घाईच्या दोन बैठकांच्या बरोबरीची असते, हे मी मुलांनाही सांगायचो.

५ एप्रिल, शुक्रवार

आजचा प्रसंग जसा झाला तसा लिहितो.

वर्ग चालू होता. मी बाकावरून देल्मिराला एक साधी सूचना केली, की डाव्या कोपराऐवजी हातावर भार घ्या. माझा आवाज थोडा मोठा आहे, तो पहिल्यापासून आहे. ती बिचकली आणि परत उताणी झाली. तेव्हा खाटीक अपोलिनारिओ उठून बसला आणि म्हणाला, "मास्तर, एकदा करून दाखवा ना. शाळेत तुम्ही प्रत्येक गोष्ट आधी करून दाखवायचात."

त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. असती तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. झुल्माही थांबली. मी म्हटलं, मी त्या कपड्यांत आलेलो नाही. मग म्हटलं, गुडघ्याला पट्टी आहे. दोन कारणं द्यायला नको होती. एल्बिया खाली मान घालून आपली नखं बघत होती.

घरी येताना ती संत्र्यांच्या भावाबद्दल बोलत राहिली. मी दोन पावलं पुढे चालत होतो.

१२ एप्रिल, शुक्रवार

आज नगरपालिकेला पत्र टाकलं. तीन वेळा लिहिलं, तेव्हा मनासारखं उतरलं. 'कोणतीही पदविका नसलेल्या व्यक्तीकडून वयोवृद्ध नागरिकांना जमिनीवर लोळवण्याचा जो प्रकार चालू आहे, तो शारीरिक शिक्षणाच्या पावित्र्याशी केलेला पोरखेळ आहे.' हे वाक्य माझ्या उत्तम वाक्यांपैकी एक आहे. नाव घातलं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे, माझा नाही.

एल्बियाला सांगितलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तत्त्वाची गोष्ट बायकोला सांगायला हरकत नसते.

३ मे, शुक्रवार

सभागृहाच्या दारावर कागद. पात्र शिक्षक नेमला जाईपर्यंत वर्ग बंद.

माणसं पायऱ्यांवर उभी होती. देल्मिराने तिचा दुपारचा डबा आणला होता, वर्गानंतर नदीवर जायचा बेत होता म्हणे. झुल्मा आत जाऊन सतरंज्या काढून आणत होती, त्या तिच्या स्वतःच्या होत्या. माझी समजूत होती की त्या नगरपालिकेच्या असतील. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मास्तर, हे टोक धरता का? एकटीने नीट घडी बसत नाही."

मी टोक धरलं. अकरा घड्या घातल्या. शेवटच्या घडीला "उपकार झाले" म्हणाली.

जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला हवं तसं मला वाटत नाहीये. कदाचित रात्री झोप झाली नसेल.

७ मे, मंगळवार

राजधानीहून पात्र शिक्षक आला. नाव इग्नासिओ, वय सव्वीस, पदविका दोन. सोबत एक पेटीएवढा लाउडस्पीकर आणि रंगीबेरंगी रबरी पट्ट्या. हजर माणसं चार. त्याने सगळ्यांना खुर्चीत बसवलं आणि पट्ट्या ताणायला लावल्या, आणि दर दोन मिनिटांनी "शाब्बास, चँपियन" म्हणत राहिला. देल्मिराने विचारलं, जमिनीवर कधी जायचं? तो म्हणाला, आजी, जमिनीवर जायचं नाही, नियमात बसत नाही. ती म्हणाली, बाळा, मी नियम विचारून पडणार नाही. पण तोवर त्याने गाणं मोठं केलं होतं.

हा मुलगा म्हणजे झुल्मापेक्षाही वाईट. तिला निदान आपण काय करतोय हे ठाऊक होतं.

जाताना मला म्हणाला, "काका, घरी एका पायावर उभं राहायचं झालं तर खुर्ची धरत जा हं." काका! मी याच्या बापाला दोरावर चढवलं असतं.

१४ मे, मंगळवार

एल्बियाने सभागृह सोडलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला ती देल्मिराकडे बसायला जाते. म्हातारी एकटी असते म्हणे. मी म्हटलं, जा. घरी येते तेव्हा जाकिटाच्या पाठीला धूळ लागलेली असते आणि अंगाला खारवलेल्या मांसाचा वास येतो. देल्मिराच्या घरी खुर्च्या कोणी पुसत नाही आणि रोज सॉसेजच शिजतं असं दिसतंय.

बैठका मारल्या नाहीत. मे महिना, म्हणजे इकडे थंडी सुरू झाली आहे.

२१ मे, मंगळवार

सकाळी पलंग आणि कपाट यांच्यामधली फरशी तपासली. थंड आहे. सव्वादहा ते दीड.

२३ मे, गुरुवार

परवा जे लिहिलं ते खोटं आहे. वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला ठेवायची? सरळ लिहितो.

मंगळवारी एल्बिया गेल्यावर मी पाटलोण उभ्याने घालायची ठरवली. त्या पोराचं 'काका' डोक्यातून जात नव्हतं. डावा पाय घातला. उजवा उचलला तेव्हा डावा माझा राहिला नाही. मोडलं काही नाही, फक्त पलंग आणि कपाट यांच्या फटीत बसलो, मग आडवा झालो. पाटलोण एका पायात.

मला वाटलं, उठू. हातांत माझ्या अजून जोर आहे. जोर मारून छाती वर उचलली, पण पाय अंगाखाली येईनात. पुन्हा उचलली. पुन्हा. पलंगाला धरलं तर गादीच माझ्या अंगावर सरकत आली. अर्ध्या तासाने दंड थरथरायला लागले आणि गाल फरशीला टेकला. चौतीस वर्षांत मी हजारो मुलांना उभं राहा म्हणालो होतो. उभं कसं राहायचं असतं ते कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ही गोष्ट मला तिथे पडल्यापडल्या कळली, आणि लक्ष वळवायला पलंगाखाली धुळीशिवाय काही नव्हतं.

शेजारच्याला हाक मारता आली असती, खिडकी उघडी होती. मारली नाही. एका पायात पाटलोण घातलेला बेंतान्कूर मास्तर गावाने उचललेला मला चालणार नव्हता. त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं. किती वेळ, याचा विचार मी केला. झुल्मा म्हणाली होती, कुणी अख्खी रात्र. तिच्या त्या वाक्याला मी हसलो होतो.

एल्बिया दीडला आली. रोज साडेअकराला येते, त्या दिवशी अपोलिनारिओचा वाढदिवस होता हे नंतर कळलं. दारात उभी राहून तिने मला पाहिलं. रडली नाही, धावली नाही. कुठे दुखतंय का विचारलं, हातपाय चाचपले. मी म्हटलं, उचल मला. ती म्हणाली, नाही उचलता येणार, मी पन्नास किलोचीसुद्धा नाही. मी म्हटलं, कुणाला बोलवायचं नाही. ती म्हणाली, नाही बोलवत.

मग तिने बूट काढले, पिशवी ठेवली, कपाटाजवळची खुर्ची माझ्या पायांकडे ओढून आणली आणि माझ्या शेजारी जमिनीवर आडवी झाली. फट अरुंद होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

"बघ," ती म्हणाली.

आधी कुशीवर वळली. मग कोपर, मग हात. मग चारही पायांवर, मांजरासारखी. रांगत खुर्चीशी गेली, दोन्ही हात तिच्या सीटवर ठेवले, उजवं पाऊल पुढे रोवलं आणि उठून खुर्चीत बसली. मग खाली उतरून पुन्हा माझ्या शेजारी येऊन आडवी झाली. पुन्हा उठली. एकाहत्तर वर्षांची बाई. तिसऱ्या वेळी म्हणाली, आता माझ्याबरोबर. कुशीवर.

मी तिला सांगितलं की हात आधी टेकवायला हवा. ती म्हणाली, "आदेमार, गप्प राहा आणि वळ."

मी वळलो. किती वेळ लागला ते लिहिणार नाही. रांगलो. हे लिहितो, कारण ते घडलं.

खुर्चीत बसल्यावर तिने पाटलोणीचा दुसरा पाय घातला. मी विचारलं, हे सगळं अजून कुठे शिकतेस, वर्ग तर बंद झालाय. ती म्हणाली, अपोलिनारिओच्या दुकानामागच्या गॅरेजमध्ये. सगळे तिथेच जातात, झुल्माही. तिथे मांस अडकवायचे आकडे टांगलेले आहेत, बाकी जागा चांगली आहे.

तेव्हा मी पत्राचं सांगितलं. तिच्याकडे बघून सांगता येईना, पाटलोणीच्या बटणाकडे बघत सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कारकुनाने ते नगरपालिकेत मोठ्याने वाचून दाखवलं. शारीरिक शिक्षणाचं पावित्र्य म्हणे. असं या गावात दुसरं कोण लिहितं?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. पाच आठवडे."

मग ती सूप गरम करायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. सेहेचाळीस वर्षांत ती माझ्यावर एकदा तरी ओरडली असती तर मला तिला उत्तर देता आलं असतं. ही बाई कधी ओरडत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष आहे.

२८ मे, मंगळवार

आज गॅरेजमध्ये गेलो. एल्बियाने ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं.

माफीचं लिहून नेलं होतं, दीड पान. झुल्मा सतरंज्या पसरत होती. मी कागद काढला तर म्हणाली, मास्तर, तुमचं लिहिलेलं एकदा सगळ्यांनी ऐकलंय, आता नको. मग विचारलं, पडलात का?

मी एल्बियाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. मी हो म्हटलं.

"किती वेळ?"

"सव्वातीन तास."

ती मान हलवत राहिली. म्हणाली, लोकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, त्या माणसाचं काय करायचं. मी म्हटलं, पडला की येईल. नाही आला तर आपण जाऊ.

मग तिने एक सतरंजी आकड्यांखाली सरकवली. मी कोट काढला. खाटीक अपोलिनारिओ, देल्मिरा, बाकीचे सगळे बघत होते. मी पडलो. छताला मांसाचे सहा आकडे होते, मोजले. झुल्मा म्हणाली, "सावकाश. इथे कुणाला घाई नाही." शाळेत मी अपोलिनारिओला दोराखाली असंच उभं केलं होतं, आणि मला तेव्हा फार घाई होती. हे मला आत्ता लिहिताना आठवलं, तिथे नाही. तिथे फक्त गुडघा आठवत होता.

उठलो. टाळ्या वाजल्या. मला टाळ्यांचा तिटकारा आहे, आणि आंतरराष्ट्रीय पंचांसमोर टाळ्या घेतलेल्या माणसाला एका खाटकाच्या टाळ्यांनी रुमाल काढावा लागण्याचं कारण नाही. गॅरेजमध्ये खारवणाचा वास फार आहे, म्हणून काढला.

नंतर देल्मिरा शेजारी बसून येर्बाचा चहा पिताना म्हणाली, एल्बियाचं छान झालं, इतके दिवस ती घाबरून होती. मी म्हटलं, पडल्यावर माणूस घाबरतोच. म्हातारी म्हणाली, "ती कुठे पडली? ती कधीच पडली नाही." एल्बिया पडली म्हणूनच या वर्गात आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक्याऐंशीव्या वर्षी डोकं असं चालायचंच. मी वाद घातला नाही. वृद्धांशी सबुरीने वागावं लागतं.

४ जून, मंगळवार

नगरपालिकेला दुसरं पत्र दिलं, या वेळी नाव घालून. झुल्मा पिरिस यांना सभागृह परत द्यावं, आधीची तक्रार अज्ञानातून झाली होती. 'अज्ञान' हा शब्द लिहायला अख्खी सकाळ गेली. त्याच कारकुनाने घेतलं, वाचलं आणि सांगितलं की प्रकरण बंद झालं आहे, सभागृह आता रबरी पट्ट्यांना दिलंय. तिथे हल्ली दोघं येतात. एक इग्नासिओ.

गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. म्हणजे मी केलेलं निस्तरता येत नाही. झुल्माने माझ्या हातात झाडू दिला, कारण रक्त टिपायला फरशीवर टाकलेला लाकडाचा भुसा वर्गाआधी काढावा लागतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी तो मी काढतो. अपोलिनारिओ भुसा फार टाकतो. माणूस चौसष्ट वर्षांचा झाला तरी त्याला प्रमाण कळत नाही.

११ जून, मंगळवार

एल्बिया सकाळच्या बसने ताकुआरेम्बोला बहिणीकडे गेली. दहा दिवसांसाठी. चार वर्षं तिचं जाणं पुढे ढकललं जात होतं. दर वेळी काही ना काही निघायचं: संत्री उतरवायची असायची, नाही तर पाऊस. मी कधी अडवलं नव्हतं. या वेळी तिने स्वतःच तिकीट काढलं. बसस्टँडवर मला पाच सूचना दिल्या, त्यांतल्या चार जेवणाच्या होत्या. पाचवी दिली नाही, फक्त माझा कोट नीट केला. बस वळली तेव्हा ती पुढे बघत होती. बरोबर आहे, मागे बघून मान अवघडते.

वर्ग करून घरी आलो. घर एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. सूप गरम करून प्यायलो. मग बैठकीच्या खोलीतली खुर्ची ओढून मध्ये आणली आणि जमिनीवर आडवा झालो. कुणी बघत नव्हतं. कुशीवर वळलो तेवढ्यात बोळात फोन वाजायला लागला.

घाई केली असती तर गडबड झाली असती. वाजू दिला. बंद झाला. कोपर, हात. पुन्हा वाजायला लागला. गुडघे. बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उभा होतो.

"कुठे होतास?" एल्बिया म्हणाली. तिचा श्वास लागला होता, जणू तीच उठली होती.

"जमिनीवर."

"पडलास?"

"पडलो नाही," मी म्हटलं. "मुद्दाम झोपलो होतो."

"मग?"

"मग उठलो."

मग तिने सांगितलं की तिकडे थंडी जास्त आहे, बहिणीचं कुत्रं आता दिसेनासं झालंय, आणि हरकत नसेल तर ती आणखी एक आठवडा राहीन म्हणते. मी म्हटलं, राहा.

तिची बहीण मागे कशाला तरी मोठ्याने हसत होती. फार उथळ बाई आहे. पहिल्यापासूनच.